संस्थेची नाडी ताळेबंदात कुठे सापडते?

२७ जानेवारी २०१२ रोजी शिकागोमधल्या हल हाउस असोसिएशन या समाजसेवी संस्थेने दारं बंद केली. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थलांतरित वस्तीत सुरू केलेलं हे काम. पुढे १९३१ मध्ये अ‍ॅडम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं. दोन महायुद्धं आणि एक महामंदी पचवलेली ही संस्था १२२ वर्षांनी जवळजवळ एका दिवसात संपली. सुमारे ३०० माणसांची नोकरी गेली. तिजोरी कोणी लुटली नव्हती. संस्थेचा बहुतांश पैसा सरकारी करारांतून यायचा, तो आटत गेला. खर्च त्या वेगाने उतरला नाही आणि अडीअडचणीला काढायला गाठीशी काही उरलेलं नव्हतं. (जुन्या वास्तूतलं संग्रहालय मात्र विद्यापीठाकडे होतं, ते आजही सुरू आहे.)

देणगी देताना आपण बहुतेक एकच प्रश्न विचारतो: माझ्या शंभरातले किती प्रत्यक्ष कामाला लागतात? प्रश्न वाईट नाही. पण आजारी माणसाचं फक्त वजन करून त्याला घरी पाठवावं, तसं हे आहे. मला आधी दुसरंच काही तरी जाणून घ्यायचं असतं. उद्या नवा पैसा यायचा थांबला, तर ही संस्था किती दिवस पगार देईल? याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, फोटोंमध्ये तर नसतंच. ते हिशेबात असतं, आणि तिथून काढायला सनदी लेखापाल असावं लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडा चिवटपणा पुरतो.

कागद कोणते

वार्षिक हिशेबात मुख्य कागद तीन. उत्पन्न-खर्च पत्रक सांगतं की वर्षभरात किती आलं आणि किती गेलं. ताळेबंद सांगतो की वर्षाच्या शेवटच्या दिवशी संस्थेकडे काय होतं आणि ती कोणाचं किती देणं लागत होती. रोख प्रवाह पत्रक सांगतं की प्रत्यक्ष नोटा कुठून आल्या आणि कुठे गेल्या. हा तिसरा कागद लहान संस्था बऱ्याचदा काढतच नाहीत.

या तिघांच्या मागे बारीक अक्षरात टीपा असतात. मी तिथूनच सुरुवात करते. पुढची पानं संस्थेला जे दाखवायचं असतं ते दाखवतात. टीपांमध्ये मात्र नियमामुळे सांगावं लागतं ते येतं: कोणता निधी कशासाठी राखलेला, कोणत्या विश्वस्ताच्या नातेवाइकाकडून जागा भाड्याने घेतली, कोर्टात कोणता दावा चालू आहे.

ताळेबंद वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. तो एकाच दिवसाचा असतो. मोठ्या अनुदानाचा हप्ता वर्ष संपायच्या आठवडाभर आधी आला असेल, तर संस्था श्रीमंत दिसेल. तोच हप्ता दहा दिवस लांबला असता तर तीच संस्था कंगाल दिसली असती. म्हणून एका वर्षाचा ताळेबंद घेऊन निकाल द्यायला बसू नये. तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवावेत, पाच मिळाले तर अधिक बरं.

तिजोरी भरलेली, हात बांधलेले

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि सगळ्यात जास्त चुकणारीही. धंद्यात नफ्याचा पैसा मालकाला हवा तसा वापरता येतो. संस्थेचं तसं नाही. देणारा अट घालू शकतो: हे पैसे फक्त शाळेच्या इमारतीसाठी, हे फक्त अमुक जिल्ह्यातल्या पाण्याच्या कामासाठी, हे कायम गुंतवून ठेवा आणि फक्त व्याज वापरा. अशा पैशाला बंधित निधी म्हणू. अट नसलेला तो अबंधित. वीजबिल भरायचं, हिशेबनिसाचा पगार द्यायचा, एखादा प्रकल्प बंद पडला की त्यातल्या माणसांना दोन महिने सांभाळायचं, हे सगळं अबंधित पैशातूनच होतं.

त्यामुळे संस्थेकडे पुष्कळ पैसा असू शकतो आणि त्याच वेळी तिच्याकडे पगाराला पैसे नसू शकतात. यात काही विरोधाभास नाही.

आकडे घेऊन पाहू. समजा, एका संस्थेच्या ताळेबंदात, सगळी देणी वजा जाऊन, एकूण निधी ५ कोटी दिसतो. टीपा वाचल्यावर कळतं की त्यातले २ कोटी कायमस्वरूपी निधीचे आहेत, ज्याला सगळे कॉर्पस म्हणतात. मुद्दलाला हात लावता येत नाही. आणखी १ कोटी ६० लाख तीन चालू प्रकल्पांसाठी मिळालेले आहेत आणि अजून खर्च व्हायचे आहेत. १ कोटी १० लाख ही कार्यालयाच्या इमारतीची आणि गाड्यांची किंमत आहे. विटा विकून पगार करता येत नाही. राहिले किती? ३० लाख. संस्थेचा महिन्याचा खर्च २० लाख असेल, तर तिच्याकडे दीड महिन्याचा श्वास आहे. पाच कोटींच्या संस्थेचा दीड महिना.

या दीड महिन्यालाच मी संस्थेची नाडी म्हणते. सूत्र असं: एकूण निधीतून बंधित निधी वजा करा, इमारत आणि सामानात अडकलेली रक्कम वजा करा, उरलेल्याला महिन्याच्या सरासरी खर्चाने भागा. इमारतीवर कर्ज असेल तर एक काळजी घ्यायची. कर्ज देण्यांमध्ये आधीच वजा झालेलं असतं, म्हणून इमारतीची पूर्ण किंमत वजा न करता कर्ज जाऊन उरणारा भागच वजा करायचा. नाही तर तेच कर्ज दोनदा मोजलं जाईल.

कधी कधी 'विकास निधी' किंवा 'आपत्कालीन निधी' अशी भारदस्त नावं दिसतात. तो निधी देणाऱ्याच्या अटीमुळे वेगळा आहे की विश्वस्तांनी स्वतः ठराव करून बाजूला काढलाय, ते टीपेत बघा. विश्वस्तांनी काढलेला असेल तर तेच तो ठराव बदलूही शकतात, म्हणजे अडचणीत तो पैसा हाताशी आहे. देणाऱ्याची अट मात्र विश्वस्तांना मोडता येत नाही.

मोडता येत नाही, पण मोडली जाते. पैसे बहुतेकदा एकाच बँक खात्यात असतात. महिनाअखेर येते, पगार थांबलेले असतात, आणि खात्यात पुढच्या वर्षीच्या पाणी-प्रकल्पाचे पैसे पडून असतात. 'तात्पुरते घेऊ, पुढचा हप्ता आला की भरू.' हे सहसा लबाडीतून होत नाही, काकुळतीतून होतं. बाहेरच्या माणसालाही ते पकडता येतं. बँकेतली शिल्लक आणि सगळ्या गुंतवणुकी यांची बेरीज करा. ती न खर्चलेल्या बंधित निधीपेक्षा कमी भरली, तर दुसऱ्याच्या नावाचा पैसा बहुधा कुठे तरी वापरला गेलाय. वरच्या उदाहरणात ही बेरीज निदान ३ कोटी ६० लाख भरली पाहिजे. ती ३ कोटी भरत असेल, तर ६० लाख कुठे आहेत हे विचारलंच पाहिजे. एखादं निरुपद्रवी कारण असू शकतं, म्हणजे मंजूर झालेलं पण हाती न आलेलं अनुदान निधीत धरलेलं असू शकतं. पण उत्तर मिळायला हवं.

हा भेद देणगीदारांपासून झाकला जातो, हे हिशेबाचे नियम करणाऱ्यांच्याही लक्षात आलेलं आहे. अमेरिकेतल्या लेखा-मानक मंडळाने २०१६ मध्ये संस्थांच्या हिशेबाचे नियम बदलले. निधीचे आधीचे तीन वर्ग जाऊन दोनच ठेवले, देणाऱ्याची अट असलेला आणि अट नसलेला. शिवाय पुढच्या वर्षभराच्या खर्चासाठी प्रत्यक्षात किती पैसा उपलब्ध आहे, ते टीपेत सांगणं भाग पाडलं. ब्रिटनमध्ये विश्वस्तांना वार्षिक अहवालात राखीव निधीबद्दलचं धोरण मांडावं लागतं. तुमच्यापुढच्या अहवालात असं काही नसेल, तर तो प्रश्न आपण स्वतः विचारायचा.

किती महिने म्हणजे पुरेसे? तीन ते सहा महिने हा नेहमी सांगितला जाणारा ठोकताळा आहे, आणि ठोकताळा म्हणूनच तो घ्यावा. जिचे देणगीदार हजारो आहेत आणि दरमहा थोडं थोडं देतात, तिला दोन महिनेही पुरतात. जिचं सगळं एका वार्षिक अनुदानावर आहे, तिला सहा महिनेही कमीच. उलट टोकही असतं. सेवाभावी संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकेतल्या बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सच्या निकषांत अबंधित साठा वर्षाच्या खर्चाच्या तिपटीपेक्षा जास्त नसावा, असं आहे. तीन वर्षांचा खर्च गाठीला बांधून 'तातडीची मदत हवी' म्हणून पत्र पाठवणाऱ्या संस्थेला तातडी कसली, हे विचारायला हरकत नसावी.

शिल्लक, तूट आणि फसवे आकडे

उत्पन्न-खर्च पत्रकाची शेवटची ओळ सगळे वाचतात. शिल्लक असली तर बरं वाटतं, तूट दिसली की भिवया चढतात. संस्थेच्या बाबतीत ही ओळ एकेका वर्षापुरती वाचली तर दिशाभूल करते.

तीन वर्षांच्या कामासाठी ९० लाखांचं अनुदान मंजूर झालं. हिशेबाच्या काही पद्धतींत, पुढची अट नसेल तर, ही सगळी रक्कम पहिल्याच वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. खर्च दरवर्षी ३० लाख. पहिल्या वर्षी ६० लाखांची शिल्लक दिसते, दुसऱ्या वर्षी ३० लाखांची तूट, तिसऱ्या वर्षी पुन्हा ३० लाखांची तूट. प्रत्यक्षात सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. मृत्युपत्रातून आलेल्या मोठ्या रकमेचंही असंच होतं. म्हणून शक्य तिथे फक्त अबंधित रकाना पाहायचा. तिथे लागोपाठ तीन वर्षं तूट असेल तर मात्र ती खरी तूट आहे. संस्था गाठीचं खातेय.

दुसरा प्रकार वेगळ्या वळणाचा. कागदावर शिल्लक, खात्यात खडखडाट. सरकारी कामांत पैसे पुष्कळदा आधी मिळत नाहीत. आधी खर्च करा, बिलं द्या, मग परतफेड. संस्था जितकं जास्त काम करते तितका तिचा जास्त पैसा सरकारदरबारी अडकतो. ताळेबंदात 'येणे' ही रक्कम उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत असेल, आणि दुसऱ्या बाजूला पुरवठादारांचं 'देणे'ही फुगत असेल, तर संस्था एकाची उधारी दुसऱ्याच्या उधारीवर चालवतेय. देण्यांमध्ये कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला पण सरकारकडे न भरलेला कर दिसला, तर मी ते लाल निशाण समजते. पैसा संपत आला की सगळ्यात आधी तोच हप्ता चुकवला जातो, कारण सरकार दुसऱ्या दिवशी दारात येत नाही.

मग येतो एकाच दात्याचा प्रश्न. ब्रिटनमधल्या किड्स कंपनी या संस्थेची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली, मुलांसाठी काम करणारी, दारात आलेल्या मुलाला परत न पाठवणारी. सरकारकडून तिला वर्षानुवर्षं मिळून ४ कोटी पौंडांहून अधिक पैसा मिळाला. मागणी वाढली की खर्च वाढायचा. राखीव निधी नावापुरता. ऑगस्ट २०१५ मध्ये, ३० लाख पौंडांचं आणखी एक सरकारी अनुदान मिळाल्यावर काही दिवसांतच, ती बंद पडली. गैरप्रकाराच्या आरोपांवरून पोलीस चौकशी जाहीर झाली होती आणि येऊ घातलेला पैसा आटला होता. पुढे त्या चौकशीतून गुन्ह्याचा पुरावा निघाला नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने विश्वस्तांना संचालकपदासाठी अपात्र ठरवण्याची मागणीही फेटाळली. २०२२ मधल्या आपल्या अहवालात धर्मादाय नियामकाने मात्र वेळेवर देणी न भागवणं आणि तुटपुंज्या राखीव निधीवर धोक्याचं गणित चालवणं याबद्दल संस्थेच्या कारभारावर ठपका ठेवला. माझ्या मते या दोन निकालांत भांडण नाही. माणसं प्रामाणिक असू शकतात आणि संस्था तरीही इतकी बारीक झालेली असू शकते की एका निराधार आरोपाची झुळूकही तिला पाडते. चार महिन्यांचा मोकळा पैसा असता, तर चौकशी संपेपर्यंत तग धरण्याची निदान संधी तरी मिळाली असती.

म्हणून उत्पन्नाच्या टीपेत सगळ्यात मोठा दाता शोधा. तो एकूण उत्पन्नाचा किती भाग आहे? त्याचा करार कधी संपतो? निम्म्याहून जास्त पैसा एका दारातून येत असेल, तर त्या दाराची तब्येत ही संस्थेचीही तब्येत.

पण यातून 'जितके स्रोत जास्त तितकं चांगलं' असा सरळ निष्कर्ष काढू नये. विल्यम फॉस्टर आणि गेल फाइन या अभ्यासकांनी २००७ मध्ये, १९७० नंतर स्थापन होऊन वर्षाला ५ कोटी डॉलर उत्पन्नापर्यंत पोहोचलेल्या अमेरिकी संस्था शोधल्या. अशा १४४ सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच प्रकारच्या स्रोतावर लक्ष देऊन वाढल्या होत्या. म्हणजे सगळ्या दारांवर टकटक करत फिरण्यापेक्षा एका प्रकारचं दार नीट ओळखणं फायद्याचं. फरक 'प्रकार' आणि 'दाता' यांत आहे. दहा वेगवेगळ्या सरकारी विभागांकडून पैसा घेणारी संस्था एका प्रकारावर उभी आहे, पण एका माणसाच्या सहीवर नाही.

शंभरातले किती?

आता त्या लाडक्या प्रश्नाकडे येते.

प्रशासकीय खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, ही समजूत इतकी घट्ट आहे की संस्थाही तिला घाबरून वागतात. अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या अभ्यासकांनी २००९ मध्ये या दुष्टचक्राला उपासमारीचं चक्र म्हटलं. देणाऱ्यांना वाटतं की कार्यालयीन खर्च अगदी थोडा असावा. संस्था मग तो तेवढाच आहे असं दाखवतात, आणि तो आकडा पाहून देणाऱ्यांची अपेक्षा आणखी खाली येते. संगणक जुने राहतात, हिशेबनीस अर्धवेळ होतो, आणि जिला आपल्या पैशाचं नीट माहीत नाही अशी संस्था तयार होते. २०१३ मध्ये तर गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या, तीन यंत्रणांच्या प्रमुखांनीच देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की फक्त या टक्केवारीवर संस्था तोलू नका.

याची किंमत काय असते, ते न्यूयॉर्कच्या एफईजीएस या समाजसेवी संस्थेने दाखवलं. १९३४ मध्ये सुरू झालेली, वर्षाला सुमारे २५ कोटी डॉलरची उलाढाल. २०१४ च्या अखेरीला १ कोटी ९४ लाख डॉलरची तूट उघड झाली आणि २०१५ च्या मार्चमध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. त्यानंतर तिथल्या समाजसेवी संस्थांनी जी चर्चा केली, तिच्या मध्यभागी एक साधं गणित होतं: सरकारी करार कामाचा पूर्ण खर्चच देत नाहीत. १०० च्या कामाला ८५ मिळत असतील, तर प्रत्येक नवं काम १५ चा खड्डा घेऊन येतं. बाहेरून संस्था वाढताना दिसते. आत खड्डे वाढत असतात.

आणि ही टक्केवारी सजवणं किती सोपं आहे, तेही पाहा. २०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सर्व ५० राज्यांच्या साथीने चार कर्करोग संस्थांविरुद्ध दावा लावला. त्यांत कॅन्सर फंड ऑफ अमेरिका ही एक. २००८ ते २०१२ या काळात त्यांनी लोकांकडून १८ कोटी ७० लाख डॉलर गोळा केले होते, आणि त्यातला नगण्य भाग रुग्णांपर्यंत पोहोचला होता. मग हिशेबात ते दिसत कसं नव्हतं? दावा असा होता, की परदेशी पाठवायच्या वस्तूंच्या २२ कोटी ३० लाख डॉलरच्या देणग्या त्यांनी स्वतःच्या नावावर दाखवल्या. प्रत्यक्षात त्या वस्तूंच्या बाबतीत त्या केवळ मधल्या हाताचं काम करत होत्या. एवढा मोठा आकडा उत्पन्नातही धरला आणि 'कार्यक्रम खर्च' म्हणूनही दाखवला, की खरा प्रशासकीय खर्च त्यात मिठासारखा विरघळून जातो.

म्हणून वस्तुरूप देणग्या मी नेहमी दोन्ही बाजूंनी काढून टाकते आणि उरलेल्या रोख पैशाचं प्रमाण पाहते. औषधं, कपडे, सॉफ्टवेअर यांची किंमत कोणत्या बाजाराच्या भावाने लावली, हे टीपेत असतं. तीच गोळी एका देशात काही पैशांना आणि दुसऱ्या देशात शंभरपट भावाने मिळू शकते. ती कोणत्या भावाने मोजायची, हे संस्थेने निवडलेलं असतं. आणखी एक सफाईदार मार्ग म्हणजे देणगी मागणाऱ्या पत्रातच आजाराची चार लक्षणं छापायची आणि छपाई-टपालाचा बराचसा खर्च 'जनजागृती' या कार्यक्रमाखाली टाकायचा. अशी विभागणी नियमात बसू शकते. किती टाकली ते मात्र बघावं.

मग टक्केवारी कचऱ्यात टाकायची का? नाही. टोकाच्या आकड्यांसाठी ती उपयोगी आहे. बीबीबीचाच निकष किमान ६५ टक्के खर्च कार्यक्रमांवर असावा असा आहे, आणि रोखीचं प्रमाण त्याच्या बरंच खाली असेल तर थांबून विचारायलाच हवं. पण ८२ टक्केवाली संस्था ७६ टक्केवालीपेक्षा चांगली, असं म्हणायला या आकड्यात काहीही आधार नाही. आणि एखादी संस्था '१०० टक्के पैसा थेट कामाला' म्हणत असेल तर विचारा, भाडं कोण भरतं? एखादा दाता वेगळा भरत असेल तर ठीकच आहे. मग तो दाता गेला तर काय, हा पुढचा प्रश्न.

लेखापरीक्षकाची सही

'आमचे हिशेब तपासलेले आहेत' हे वाक्य प्रमाणपत्रासारखं वापरलं जातं. लेखापरीक्षक एवढंच म्हणतो, की हे आकडे नियमाप्रमाणे मांडलेले आहेत आणि मोठ्या चुकीपासून मुक्त आहेत असं त्याला वाटतं. संस्था कंगाल असेल आणि ते नीट मांडलेलं असेल, तर अहवाल स्वच्छच येईल. वाचायचं ते त्याच्या पोटातलं. 'अमुक बाब वगळता' अशी सुरुवात कुठे आहे का? पुढच्या बारा महिन्यांत संस्था चालू राहील का याबद्दल शंका नोंदवलीय का? असं एक वाक्य बाकीच्या चाळीस पानांपेक्षा जड असतं. लेखापरीक्षक दर वर्षी बदलत असेल किंवा हिशेब मुदतीनंतर कितीतरी महिन्यांनी दाखल होत असतील, तर कारण विचारा. आजारी माणूस वजनकाट्यावर चढायला टाळतो, तसंच काहीसं.

अगदी छोट्या संस्थेकडे यातलं काहीच नसेल. दोन पानी जमा-खर्च आणि खजिनदाराची वही एवढंच. तिथे ताळेबंदाचा हट्ट धरू नका. बँकेत आज किती आहे, त्यातलं कशासाठी राखलेलं किती, महिन्याला किती लागतं, पुढचे तीन महिने कुठून येणार, हे तोंडी विचारलं तरी चालतं. कारभार हातात असलेला खजिनदार वही न उघडता सांगतो. जो 'बघून सांगतो' म्हणतो आणि दोन दिवसांत खरंच सांगतो, तोही चांगला. उत्तराऐवजी संस्थापकांच्या त्यागाची गोष्ट ऐकायला मिळाली, तर मला काळजी वाटते.

नाडी मंद लागली तर

हे सगळं करून दीड महिनाच निघाला, म्हणून देणगी द्यायची नाही, असं मी म्हणत नाही. दीड महिना निघण्याची कारणं वेगवेगळी असतात. संस्था पाच वर्षांत सहा महिन्यांवरून दीडवर आली असेल, तर ती घसरतेय. पाऊण महिन्यावरून दीडवर आली असेल, तर कोणीतरी दात-ओठ खाऊन ती सावरतंय. आकडा एकच, दिशा उलट. आणि पुष्कळदा त्या अशक्तपणाला आपणच देणारे जबाबदार असतो. प्रत्येकाला आपल्या पैशाची वही-पेन्सिल, आपल्या पैशाची विहीर डोळ्यांनी बघायची असते. हिशेबनिसाचा पगार कोणालाच नको असतो. अमेरिकी अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून मोठमोठ्या रकमा कोणतीही अट न घालता द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली ती निव्वळ रकमेमुळे नाही. 'कुठे वापरायचं ते तुम्ही ठरवा' असं म्हणणारा दाता इतका दुर्मीळ होता.

देणगीच्या अर्जावर 'कशासाठी' असा एक रकाना असतो. संस्थेचं काम तुम्ही पाहिलेलं असेल, तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवलेले असतील, खजिनदाराने सरळ उत्तरं दिलेली असतील आणि तरी मोकळा पैसा कमी पडत असेल, तर तो रकाना कोरा ठेवा. पुढच्या वर्षी अहवाल आला की अबंधित निधीची ओळ काढून बघा.